एसी, फ्रिज, वॉशिंग मशीन दुरुस्ती आणि इन्स्टॉलेशन करणाऱ्यांसाठी विमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एसी, फ्रिज, वॉशिंग मशीन, गीझर, आरओ, किचन चिमणी बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या मंडळींसाठी हे प्रश्न एकत्र केले आहेत. कुणी एकटे बाइकवर फिरतात, कुणाकडे दोन-चार हेल्पर आहेत, कुणी एखाद्या ब्रँडचं सर्व्हिस सेंटर चालवतात. या धंद्यात विमा बहुतेक वेळा उलट्या क्रमाने घेतला जातो: आधी दुकानाचा, मग हत्यारांचा, आणि माणसांचा राहूनच जातो. खालची उत्तरं वाचताना क्रम असा ठेवा: आधी हेल्पर, मग तुम्ही स्वतः, मग ग्राहकाचं घर, आणि सगळ्यात शेवटी सामान.

माझा धंदा छोटा आहे. मला विम्याची गरज खरंच आहे का?

धंदा छोटा असला तरी तुम्ही ज्या घरात काम करता ते घर छोटं नसतं. पाचशे रुपयांच्या सर्व्हिसिंगसाठी तुम्ही ज्या फ्लॅटमध्ये शिरता, तिथलं फॉल्स सीलिंग, लाकडी फ्लोअरिंग आणि मॉड्युलर किचन मिळून तुमच्या वर्षाच्या कमाईपेक्षा महाग असू शकतं. आणि बाराव्या मजल्याच्या छज्जावर आउटडोअर युनिट उचलून धरणाऱ्या पोराच्या जिवाची किंमत तर हिशेबात बसतच नाही. मोठी कंपनी असा एखादा फटका पचवते. एकट्या मेकॅनिकला घर गहाण ठेवावं लागतं.

मग कोणकोणत्या पॉलिसी लागतात?

हेल्पर असेल तर त्याच्या कामावरच्या अपघाताची भरपाई देणारी एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशन पॉलिसी, जिला बाजारात अजूनही सगळे जुन्या ‘वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन’ नावावरून ‘डब्ल्यूसी’च म्हणतात. स्वतःसाठी अपघात विमा आणि आरोग्य विमा. ग्राहकाच्या नुकसानीसाठी लायबिलिटी पॉलिसी. दुकान असेल तर आगीची आणि चोरीची. बाइकची तर असतेच. पाचही एकदम घ्यायला हव्यात असं नाही, पण पहिल्या दोन पुढे ढकलू नका.

हेल्परला कामावर अपघात झाला तर माझ्यावर नेमकी किती रकमेची जबाबदारी येते?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि याचं उत्तर ऐकून बरेच जण गप्प होतात.

कामावर असताना, कामामुळे अपघात झाला की भरपाई मालकाने द्यायची, हे १९२३ पासून कायद्याने ठरलेलं आहे. चूक मालकाची होती की नाही हे त्यात बघत नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि जुना कायदा तिच्यात सामावला गेला, पण हिशेबाचं सूत्र तेच आहे. मृत्यू झाल्यास महिन्याच्या पगाराचे ५० टक्के गुणिले वयानुसार ठरलेला गुणांक, आणि कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के गुणिले तोच गुणांक. २०२० साली ठरलेल्या मर्यादेप्रमाणे या हिशेबासाठी पगार जास्तीत जास्त १५,००० रुपये धरतात.

आता आकडे घालून बघा. तुमचा हेल्पर ३० वर्षांचा आहे आणि पगार १५,००० किंवा त्याहून जास्त आहे. तिशीच्या वयाचा गुणांक २०७.९८. मृत्यू झाला तर ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. कायमचा अंथरुणाला खिळला तर ९,००० गुणिले २०७.९८, म्हणजे १८,७१,८२० रुपये. वय जितकं कमी तितका गुणांक मोठा, त्यामुळे विशीतल्या पोराची रक्कम याहूनही जास्त होते. आपल्या धंद्यात युनिट खांद्यावर घेऊन जिना चढणारी पोरं बहुतेक विशीतलीच असतात.

हात मोडून काही महिने घरी बसावं लागलं तर पगाराच्या २५ टक्के रक्कम दर पंधरवड्याला द्यावी लागते. औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. आणि भरपाई देय झाल्यापासून महिनाभरात पैसे दिले नाहीत, तर १२ टक्के व्याज लागतं आणि ५० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. हा दंड विमा कंपनी भरत नाही, तो मालकाच्या खिशातूनच जातो.

त्यानेच सेफ्टी बेल्ट लावला नव्हता. तरी माझी जबाबदारी?

जखम किरकोळ किंवा अंशतः अपंगत्वाची असेल, आणि त्याने मुद्दाम सूचना मोडली किंवा तो प्यायलेला होता हे सिद्ध झालं, तर तुम्हाला बचाव मिळू शकतो. पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर कायदा हा बचाव चालू देत नाही. तिथे ‘मी त्याला सांगितलं होतं’ या वाक्याचा उपयोग शून्य. बेल्ट आणि दोर विकत घ्या, छज्जावर जाण्याआधी स्वतः अडकवून बघा, आणि अँकर ग्रिलला न लावता पक्क्या भिंतीत किंवा कॉलममध्ये घ्या. खिडकीची ग्रिल चार स्क्रूंवर उभी असते, माणसाचं वजन पेलायला ती बनवलेलीच नसते.

कामावर घेतानाच ‘अपघात झाल्यास मालक जबाबदार नाही’ असं स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं आहे. चालेल?

नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्यानेच रद्दबातल ठरतो. तो स्टॅम्प पेपर फाडून टाका आणि तेवढे पैसे हप्त्यात घाला.

डब्ल्यूसी पॉलिसी घेताना काय बघायचं?

तीन गोष्टी. पहिली, कामाचं वर्णन. ‘इलेक्ट्रिकल रिपेअर शॉप’ एवढंच लिहिलं असेल आणि माणूस नवव्या मजल्यावरून पडला, तर सर्व्हेयर (नुकसान तपासायला विमा कंपनी पाठवते तो माणूस) पहिला प्रश्न हाच विचारेल की दुकानातला कारागीर तिथे काय करत होता. ग्राहकाच्या जागेवर जाऊन बसवणं, उंचीवरचं काम, गॅस वेल्डिंग हे शब्द प्रपोजल फॉर्ममध्ये, म्हणजे विम्याच्या अर्जात, स्पष्ट लिहून घ्या.

दुसरी, वैद्यकीय खर्च. मूळ पॉलिसीत तो बहुतेक वेळा नसतो, जास्तीचा हप्ता भरून जोडून घ्यावा लागतो. आपल्याकडच्या अपघातांत जीव जाण्यापेक्षा हाडं मोडणं आणि भाजणं कितीतरी जास्त, म्हणून हा जोड सोडू नका.

तिसरी, माणसांची संख्या आणि पगार. हप्ता एकूण पगारावर ठरतो. हप्ता वाचवायला पगार कमी दाखवला तर क्लेमही त्याच प्रमाणात कमी होतो. मार्च ते मे या हंगामात तुम्ही तीन-चार पोरं जादा घेत असाल तर तीही धरा. नावं बदलत राहतात म्हणून नावानिशी पॉलिसी जमत नसेल, तर कामाचा प्रकार आणि माणसांची संख्या या आधारावर बिननावाची पॉलिसी मिळते. हजेरी आणि पगाराची वही मात्र ठेवायलाच हवी.

भाचा मदतीला येतो. त्याला पगार असा देत नाही, खर्चाला पैसे देतो. तो पॉलिसीत येतो का?

पगाराचा पुरावा नसेल तर अडचण होते. त्याला ठरावीक रक्कम दरमहा यूपीआयने किंवा बँकेतून द्या आणि वहीत नाव घाला, मग तो कर्मचारी ठरतो. ते जमणार नसेल तर त्याच्या नावाने वेगळा अपघात विमा काढा. घरचाच पोरगा आहे म्हणून विम्याशिवाय राहतो आणि परक्या हेल्परला संरक्षण मिळतं, हे चित्र फार ठिकाणी दिसतं.

माझ्याकडे बारा माणसं आहेत. ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) भरतो. तरी डब्ल्यूसी हवी?

दहा किंवा जास्त माणसं असली की ईएसआयसी लागू होते, पण महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांनाच. त्यात कर्मचारी ०.७५ टक्के आणि मालक ३.२५ टक्के भरतो. जे त्यात येतात त्यांच्या अपघाताची भरपाई ईएसआयसी देते, त्यांच्यासाठी वेगळी डब्ल्यूसी नको. पण २१,००० च्या वरचे सीनियर टेक्निशियन त्यातून बाहेर राहतात. डब्ल्यूसी त्यांच्यासाठी घ्या.

मी स्वतःच पडलो किंवा भाजलो तर?

डब्ल्यूसीत मालक येत नाही, म्हणून स्वतःची सोय स्वतः करावी लागते.

सुरुवात प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेपासून करा. वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, बँक खात्यातून आपोआप कापले जातात. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, अंशतः अपंगत्वाला १ लाख. वर्ष १ जून ते ३१ मे असं चालतं, त्यामुळे मेच्या शेवटी खात्यात पैसे आहेत ना हे बघा. सीझनमध्ये ऑनलाइन स्पेअर मागवून खातं रिकामं झालेलं असतं आणि नेमकं तेव्हाच २० रुपये कापले जात नाहीत. हेल्परचंही खातं याला जोडून द्या.

पण २ लाखांत घर किती दिवस चालणार? त्याच्या जोडीला ‘सरल सुरक्षा बिमा’ बघा. विमा नियामकाने ठरवून दिलेली ही अपघात पॉलिसी सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांकडे एकाच साच्यात मिळते, अडीच लाखांपासून १ कोटीपर्यंत. तिच्यात तात्पुरत्या अपंगत्वाचा पर्याय आहे, तो नक्की घ्या. पायाला प्लास्टर असताना दर आठवड्याला थोडे पैसे येत राहिले तर हंगाम बुडाल्याची झळ कमी लागते.

फॉर्मवर व्यवसाय खरा लिहा. ‘बिझनेस’ किंवा ‘दुकानदार’ लिहिलं तर कमी जोखमीच्या वर्गात टाकतात आणि हप्ता थोडा वाचतो. पण छज्जावरून पडल्यावर तोच एक शब्द क्लेम अडवायला पुरेसा ठरतो.

ग्राहकाच्या घरात नुकसान झालं तर लायबिलिटी पॉलिसी काय देते आणि काय देत नाही?

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. आरओ बसवला. पाव इंची पाइपचा कनेक्टर पूर्ण आत बसला नाही, लॉक क्लिप राहिली. रात्री पाण्याचा दाब वाढला, पाइप सुटला, घरचे गावी गेलेले. दोन दिवस पाणी वाहत राहिलं. हॉलचं लाकडी फ्लोअरिंग फुगलं, खालच्या फ्लॅटचं पीओपी कोसळलं आणि त्यांचा टीव्ही भिजला.

लायबिलिटी पॉलिसी असेल तर फ्लोअरिंग, खालच्या घराचं पीओपी आणि टीव्ही हे दुसऱ्यांच्या मालमत्तेचं नुकसान म्हणून धरलं जातं. मूळ आरओ, सुटलेला कनेक्टर आणि पुन्हा येऊन फिटिंग करण्याचा खर्च धरला जात नाही. पॉलिसीच्या भाषेत सदोष कारागिरी सुधारण्याचा खर्च वगळलेला असतो, आणि त्यात अन्याय नाही. काम नीट करणं हा तुमचा धंदा आहे. विमा त्या चुकीतून दुसऱ्यांचं जे नुकसान झालं त्याच्यासाठी आहे.

नावावरून घोटाळा होतो म्हणून सांगतो. १९९१ चा पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स कायदा घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आहे, त्याची पॉलिसी तुमच्या कामाची नाही. तुम्ही ‘कमर्शियल जनरल लायबिलिटी’ किंवा ‘नॉन-इंडस्ट्रियल पब्लिक लायबिलिटी’ मागा, आणि ग्राहकाच्या जागेवर केलेलं काम तिच्यात धरलं आहे हे लेखी घ्या. काही पॉलिसी फक्त तुमच्या दुकानाच्या आवारापुरत्या असतात. दुकानाचा पत्ता एवढंच ठिकाण लिहिलेली लायबिलिटी घरोघरी काम करणाऱ्याला जवळपास निरुपयोगी आहे.

ज्या मशीनवर काम करत होतो तीच जळाली तर?

बहुतेक लायबिलिटी पॉलिसींमध्ये तुमच्या ताब्यातली किंवा तुम्ही ज्यावर काम करत आहात ती वस्तू वगळलेली असते. म्हणजे पीसीबी (सर्किट बोर्ड) बदलताना मुख्य बोर्ड उडाला तर ते तुमच्याच अंगावर. काही कंपन्या जादा हप्ता घेऊन हा भाग मर्यादित रकमेपर्यंत देतात, विचारून बघा.

इथे विम्यापेक्षा जॉब कार्ड जास्त उपयोगी पडतं. हात लावण्याआधी मशीनचा फोटो, डिस्प्लेवरचा एरर कोड, मीटरवर व्होल्टेज किती दाखवतं ते, आणि ग्राहकाची सही. ‘तुम्ही येईपर्यंत चालू होता’ या तक्रारीला पहिलं उत्तर तिथे असतं.

काम करून सहा महिने झाले आणि मग आग लागली तर?

पॉलिसी दोन प्रकारच्या असतात. एकीत घटना कधी घडली ते बघतात, दुसरीत दावा कधी आला ते. दुसऱ्या प्रकारची पॉलिसी आपल्याकडे बरीच चालते, आणि तिच्यात खंड पडला की जुन्या कामांचं संरक्षण जातं. तिच्यावर ‘रेट्रोअॅक्टिव्ह डेट’ लिहिलेली असते. त्या तारखेआधीच्या कामाचं काहीही मिळत नाही. कंपनी बदलताना ही तारीख पुढे सरकू देऊ नका.

शिवाय काम पूर्ण झाल्यानंतरची जबाबदारी आत आहे का, हे वेगळं विचारा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तू बनवणारा आणि विकणारा यांच्याबरोबर त्या वस्तूची सेवा देणाराही सदोष सेवेसाठी जबाबदार धरला आहे. ग्राहक आयोगात तक्रार करायला त्याला दोन वर्षांची मुदत असते. म्हणून बिलं आणि जॉब कार्डं किमान तेवढी तरी जपा.

लायबिलिटीची रक्कम किती घ्यावी? आणि हे १:१, १:४ काय असतं?

एका अपघाताला किती आणि वर्षभरात एकूण किती, याचं ते प्रमाण आहे. २० लाखांची १:१ पॉलिसी असेल तर एकाच घटनेला पूर्ण २० लाख मिळू शकतात. १:४ असेल तर एका घटनेला ५ लाखच, चार घटना मिळून २० लाख. घरोघरी काम करणाऱ्याला एखादीच पण मोठी आग किंवा गळती बुडवते, म्हणून शक्यतो १:१. रक्कम ठरवताना तुम्ही काम करता त्या भागातलं सगळ्यात महागडं घर डोळ्यांसमोर ठेवा.

नव्या गॅसमुळे विम्यात काही फरक पडतो का?

पडतो. एसीतला जुना आर-२२ गॅस जळत नव्हता. आता आलेला आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, आणि आर-२९० म्हणजे चक्क प्रोपेन. घरगुती फ्रिजमधला आर-६००ए हाही ज्वलनशीलच. प्रपोजल फॉर्ममध्ये गॅस चार्जिंग आणि ब्रेझिंग (ज्योतीने तापवून पाइप जोडणं) करता हे लिहा, आणि पॉलिसीत उघड्या ज्योतीच्या कामाची अट आहे का ते वाचा. असली तर जवळ अग्निशामक ठेवणं, आजूबाजूचे पडदे-गाद्या हलवणं, काम संपल्यावर काही वेळ तिथेच थांबणं, असं काही त्यात असतं. अट मोडली तर क्लेम जातो.

आणि विमा असो-नसो, लीक टेस्टिंगला नायट्रोजनच वापरा, तोही रेग्युलेटर लावून. ऑक्सिजनचा सिलिंडर हाताशी आहे म्हणून लाइनमध्ये सोडला की कॉम्प्रेसरचं तेल आणि तो ऑक्सिजन मिळून स्फोट होतो. यात माणसं गेली आहेत. तसंच पंप डाउन करताना, म्हणजे गॅस आउटडोअर युनिटमध्ये ओढून घेताना, लाइनमध्ये हवा शिरू देऊ नका, गेज उतरलं की कॉम्प्रेसर लगेच बंद करा.

दुकान, स्पेअर आणि हत्यारांचं काय?

दुकान आणि मालाची एकूण किंमत ५ कोटींच्या आत असेल तर ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही ठरीव साच्याची पॉलिसी आहे, १ एप्रिल २०२१ पासून. आग, वीज पडणं, वादळ, पूर, भूकंप त्यात येतात. साधी घरफोडी येत नाही, ती वेगळी घ्यावी लागते. तळमजल्यावर किंवा नदीकाठच्या वस्तीत दुकान असलेल्यांनी पूर आत आहे ना, हे डोळ्यांनी वाचावं.

दुरुस्तीला आलेल्या ग्राहकांच्या मशीन ‘आपल्या ताब्यात असलेला दुसऱ्याचा माल’ म्हणून वेगळ्या नोंदवा. नाहीतर आगीत दुकान जळलं की तुमचा माल भरून मिळतो आणि लोकांचे आठ फ्रिज तुमच्या डोक्यावर राहतात.

व्हॅक्यूम पंप, मॅनिफोल्ड गेज, टॉर्च हे सामान फिरतं असतं, त्याला ऑल रिस्क पॉलिसी लागते. गाडीत सोडून गेलेल्या सामानाची चोरी बहुधा तेव्हाच मान्य होते, जेव्हा गाडी कुलूपबंद होती आणि कुलूप तोडल्याच्या खुणा आहेत. बाइकला लटकवलेली बॅग यात बसत नाही. सीरियल नंबरांची यादी आणि बिलं मोबाइलमध्ये ठेवा.

बाइकवरून युनिट नेतो. बाइकचा विमा आहेच.

खासगी दुचाकीच्या पॉलिसीत मालवाहतूक वगळलेली असते. स्वतःची हत्यारांची पिशवी वेगळी आणि ग्राहकाचं दीड टनी युनिट वेगळं. युनिटसाठी टेम्पो करा. बाइकच्या पॉलिसीत मालकचालकाचं १५ लाखांचं अपघात कव्हर घेतलं आहे की नाही, तेही बघून ठेवा.

मी ब्रँडच्या सर्व्हिस सेंटरकडून किंवा ॲपवरून काम घेतो. त्यांचा विमा मला लागू होतो ना?

गृहीत धरू नका. सर्टिफिकेट मागा आणि त्यात तुमचं नाव, रक्कम आणि ‘काम चालू असताना’ म्हणजे कधीपासून कधीपर्यंत, ते वाचा. ॲपवर जॉब स्वीकारल्यापासून संपेपर्यंतच कव्हर असेल, तर दोन जॉबच्या मधला प्रवास बाहेर राहतो. आणि त्यांचा विमा तुमच्या हेल्परला बहुतेक वेळा लागू होत नाही. तो तुमचा माणूस आहे.

सोसायटी एएमसी (वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट) देण्याआधी डब्ल्यूसी पॉलिसीची कॉपी मागते. हा त्रास कशाला?

हा त्रास नाही. आवारात अपघात झाला की पोलीस आणि वारस आधी सोसायटीकडेच येतात, म्हणून सेक्रेटरी काळजी घेतात. उलट पॉलिसी दाखवू शकणाऱ्याला मोठी कामं मिळतात.

क्लेम कसा करायचा?

माणूस आधी दवाखान्यात. मग त्याच दिवशी विमा कंपनीला फोन आणि ईमेल, पॉलिसी नंबरासह. जागेचे फोटो काढा, तुटलेलं ब्रॅकेट किंवा सुटलेला कनेक्टर टाकून देऊ नका. गंभीर अपघातात पोलीस पंचनामा आणि दवाखान्यातली एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंद लागते. आणि ग्राहकासमोर ‘सगळं भरून देतो’ असं लिहून देऊ नका. विमा कंपनीला न विचारता जबाबदारी कबूल केली तर लायबिलिटीचा क्लेम अडचणीत येतो. ‘विमा कंपनीला कळवलं आहे, सर्व्हेयर येईल’ एवढं सांगा, तेही नम्रपणे. त्याचं घर खराब झालेलं असतं.

क्लेम नाकारला. आता?

नाकारण्याचं कारण लेखी मागा. मग कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही. महाराष्ट्रात मुंबईत, ठाण्यात आणि पुण्यात कार्यालयं आहेत, गोवाही पुण्याच्या अखत्यारीत येतं. लोकपाल ५० लाखांपर्यंतचा निवाडा देऊ शकतात. बऱ्याच जणांना वाटतं की तिथे फक्त घरगुती पॉलिसीच चालतात, पण एकल मालकीच्या आणि सूक्ष्म उद्योगाच्या पॉलिसीही चालतात. म्हणून उद्यम नोंदणी आणि गुमास्त्याची पावती हाताशी असू द्या. कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून एका वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे.